काळुरामची झोप

नवरा दारू पितो का, हात उचलतो का, हे खाडीकाठच्या खारेपाटातल्या पोरीला लग्नाआधी कुणीतरी कानात सांगतंच. तो रात्री झोपतो का, हे मात्र कुणी सांगत नाही. बायजानेही विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी सासरच्यांना खोटं बोलायची गरज पडली नसती, कारण लग्न झालं तेव्हा काळुराम चांगला डाराडूर झोपायचा. सासू म्हणायची, "याच्या उशाशी ढोल बडवा, नुसती कूस बदलील." बायजा तेव्हा सतरा वर्षांची होती. नवऱ्याचं घोरणं ऐकून ती पदर तोंडात धरून हसायची. पुढं त्याच घोरण्यासाठी तिने नऊ वर्षं देव पाण्यात घातले.

गावाचं नाव डावखार. धरमतरच्या खाडीला पाठ लावून बसलेले पन्नास-पंचावन्न उंबरे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मधे दीड माणूस उंचीचा मातीचा बांध. उधाणाला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर चढतं, ते या बांधाने अडवायचं. बांध पाडायला राक्षस लागत नाही, एक खेकडा पुरतो. खेकडा बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, मुठीएवढं भोक तासाभरात बैल जाईल एवढं होतं. त्याला खांड म्हणतात. खांड पडली की शेतात खारं पाणी, आणि पुढची तीन वर्षं त्या मातीत भात नाही. भोक मुठीएवढं असतानाच कुणीतरी तिथं फावडं घेऊन हजर असलं, तर चार पाट्या चिखलात काम भागतं. म्हणून अवस-पुनवेच्या उधाणाला दर रात्री एका घराने बांधावर राखण करायची, ही डावखारची रीत.

त्या राखणीची एक काठी होती. ज्याची रात्र सरली त्याने दिवस मावळताना ती पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची. हाक मारायची नाही, सांगायचं नाही. काठी ज्याच्या दारात, रात्र त्याची. बाईने ती उचलायची नाही आणि पुरुषाने ती नाकारायची नाही. गावात एरवी सतरा भांडणं होती, सरपंचाच्या निवडणुकीत डोकी फुटली होती, पण काठीचा शब्द कुणी मोडला नव्हता.

शहाऐंशी सालच्या भादव्यात ती काठी काळुरामच्या दारात आली. दिवसभर तो मिठागरावर राबला होता, पाय चिरले होते. रात्री बांधावर बसला, आणि भरती चढत असतानाच त्याचा डोळा लागला. तासभर असेल, फार तर दीड. तेवढ्यात खांड पडली आणि अकरा घरांची शेतं खारी झाली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं.

गावाने त्याला दंड केला नाही, वाळीत टाकलं नाही. केला असता तर बरं झालं असतं. शिक्षा भोगली की माणूस मोकळा तरी होतो. गावाने फक्त एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. सकाळी तो टमरेल घेऊन निघाला की कुणीतरी ओट्यावरून हसत विचारायचं, "काय काळुराम, झोप झाली का?" दुपारी विहिरीवर तेच. एसटीच्या थांब्यावर तेच. पोरंसोरंसुद्धा विचारायला लागली. मनात राग असा कुणाच्या नव्हता, आणि हेच वाईट. राग ओसरतो, थट्टेला अंतच नसतो.

दोन महिन्यांत काळुरामची झोप उडाली ती उडालीच.

बायजा शेजारी चटईवर पडलेली असायची. आठ वाजता तो आडवा व्हायचा, आणि तिला अंधारातही कळायचं की त्याचं सगळं अंग ताठ आहे. मान उचललेली, एक कान खाडीकडे. मनात हिशेब चालू. खाडीकाठचा माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. काळुराम ती दर रात्री काढायचा, उधाण असो वा भांग, म्हणजे मंद भरती, पाळी असो वा नसो. मग उठून दारापर्यंत जायचा. परत यायचा. पुन्हा आडवा. पहाटे कोंबडं आरवलं की कसाबसा तासभर डोळा मिटायचा, तोही दचकत. दिवसा मग जेवताना घास हातात तसाच ठेवून पेंगायचा. कोयत्याने बोट कापून घ्यायचा. सुशीलला, म्हणजे पोराला, हाक मारताना मेलेल्या भावाचं नाव घ्यायचा.

उपाय काय कमी केले? जायफळ उगाळून दुधातून दिलं, टाळूवर तेल जिरवलं, निडी गावच्या भगताचा दोरा दंडावर बांधला. भगताने सांगितलं, खाडीतली बाई याच्या मानेवर बसली आहे. बायजा मनात म्हणाली, खाडीतली कशाला, गावातलीच माणसं बसली आहेत की. शेजारचा जगन म्हणाला, "दोन घोट घेत जा, गार पडशील." तेही काळुरामने करून बघितलं. दारूने डोळा लागायचा, पण मध्यरात्री खाडकन उघडायचा आणि मग उरलेली रात्र छातीत धडधडत जायची. एकदा तशाच धडधडीत बायजाने "पडा की गप" म्हटलं, तर त्याने तिच्या तोंडात मारली. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिली. मारून तो स्वतःच ओट्यावर जाऊन रडत बसला. तिने त्याला पाणी नेऊन दिलं, आणि रडूही दिलं.

आता गावाची हुशारी बघा. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात जगनची बायको बाळंत झाली, आणि नेमकी काठी त्याच्या दारात. जगन आला, डोकं खाजवत म्हणाला, "काळुराम, तू जागाच असतोस. आजची रात तेवढी कर." काळुराम गेला. बांधावर तो बरा असायचा. निदान जागं राहायला तिथं कारण होतं. त्या रात्री त्याने एक भोक बुजवलं. सकाळी कुणी "झोप झाली का" विचारलं नाही. पुढच्या उधाणाला कुणाला ताप आला, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणी पेणला गेला तो उशिरा आला. आणि मग कारण सांगायचीही गरज उरली नाही. काठी काळुरामच्या पडवीत आली आणि तिथंच राहिली. गोविंदा पंच चावडीवर सांगायचा, "काळुराम हाय म्हणून गाव निवांत झोपतंय." हे ऐकून काळुरामची छाती फुगायची, आणि बायजा मनात हिशेब मांडायची. गावाने त्याची झोप घेतली होती आणि घरोघर वाटून खाल्ली होती, वर त्याच्याच पाठीवर शाबासकीची थाप.

"न्या ती काठी ज्याची त्याच्या घरी," ती म्हणायची.

"मग मी काय करू रातभर? तुझं तोंड बघू?"



अशी नऊ वर्षं गेली. पंचेचाळिशीचा काळुराम साठीचा दिसायला लागला. पंच्याण्णवच्या आषाढात तो उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाज्यावर, फळ्या बसवत असताना उभ्या उभ्या झोपला आणि खाली पडला. ओहोटी होती म्हणून वाचला. खांदा निखळला, डोक्याला सात टाके. सुशील रोह्याहून धावत आला. तो तिथं कंपनीत शिफ्टवर होता, बायको निशिगंधाबरोबर दोन खोल्यांत राहायचा. त्याने बापाला काही विचारलं नाही. आईला म्हणाला, "कपडे भर. दोघंही चला."

रोह्याच्या बाजारामागे गुप्ते डॉक्टरांचा दवाखाना होता. म्हातारा माणूस, कानात केस, बोलायला फटकळ. त्यांनी खांदा बघितला, मग डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि खुर्ची मागे सारून पाऊण तास नुसतं विचारत बसले. किती वाजता पडता? पडल्यावर काय करता? चहा किती? दिवसा पेंगता का? काळुराम आपलं "झोप येत नाय" यापलीकडे जाईना. शेवटी डॉक्टर बायजाकडे वळले.

"तुम्ही सांगा हो. झोप येत नाही तेव्हा हे करतात काय?"

"कान देऊन पडतात," बायजा म्हणाली. "पाण्याकडं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे हे झोपायला जातच नाहीत. आडवं होऊन पाळीवर जातात. अंथरूण म्हणजे यांचा बांध झालाय."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं. बायजाला तिथंच रडू फुटलं, आणि काळुराम खेकसला, "रडाय काय झालं?" पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या खांद्याच्या. झोपेची गोळी मागितली तर म्हणाले, "ती घेऊन पडाल, पण सुटल्यावर पुन्हा तिथंच याल. झोप ओढून आणायची नसते. तिला यायला जागा करून द्यायची असते. हे वासरू ओढलं की मागं सरतं." मग जे सांगितलं ते औषध वाटावं असं काही नव्हतंच. दुपारी तीननंतर चहा बंद. दिवसा कितीही पेंग आली तरी पडायचं नाही. रात्री डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही; आणि पडून झोप आली नाही, तर तळमळत राहायचं नाही, उठून बसायचं, काहीतरी कंटाळवाणं काम करायचं, डोळे जड झाले की पुन्हा पडायचं. सकाळी मात्र पाचला उठायचंच, रात्री डोळा लागो न लागो. आणि भरतीचा हिशेब करायचा नाही.

"तो आपोआप होतो," काळुराम म्हणाला.

"मग तिथी कळू देऊ नका," डॉक्टर सुशीलला म्हणाले.

सुशीलने घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि ट्रंकेत टाकलं. निशिगंधाला ताकीद दिली, संकष्टी असो की एकादशी, मोठ्याने बोलायची नाही. पोरीने उपास केले ते चोरून.

पहिला आठवडा जीव नकोसा करणारा गेला. दिवसा पडू देत नाहीत म्हणून काळुराम सुनेला शिव्या द्यायचा, आणि ती बिचारी खाली मान घालून त्याच्यापुढे तांदूळ निवडायला ठेवायची. रात्री तो उठून बसायचा आणि काथ्याची दोरी वळायचा. सुशील शिफ्टहून परत आला की दाराआडून दोरीची सरसर ऐकू यायची. बायजा जागीच असायची, पण काही बोलायची नाही. डॉक्टरांनी तिलाही बजावलं होतं, यांना 'झोप लागली का' असं सकाळी विचारायचं नाही. तो प्रश्न या माणसाच्या बाबतीत विषच आहे, हे डॉक्टरांना कुणी न सांगता कसं कळलं, याचं तिला फार नवल वाटलं.

अठराव्या रात्री दोरी वळता वळता त्याचे हात थांबले. तो उठला, चटईवर आला आणि कुशीवर वळला. थोड्या वेळाने त्याच्या नाकातून बारीक आवाज यायला लागला. बायजाला आधी कळेचना की हे काय आहे. मग कळलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि निशिगंधाला हलवून उठवलं, दोघी उंबऱ्यात बसून ते घोरणं ऐकत राहिल्या. जन्मात एवढं सुख तिला पोर झालं तेव्हाही झालं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बी रुजलंय, अजून मूळ धरायचंय. चाळीस रात्री बांधावर पाऊल नको. मधेच एक रात्र जागवली, तर पुन्हा पहिल्यापासून." बायजाने हे शब्द पदराला गाठ मारून आणले.

गणपतीला दोघं गावी परतली. काळुरामच्या गालावर मांस आलं होतं. त्याने गावकीत उभं राहून सरळ सांगितलं, "चाळीस रात माझ्याकडून राखण व्हायची नाय. ज्याची त्यानं पाळी करावी." आणि काठी नेऊन जगनच्या दाराला टेकवली. गोविंदा पंच म्हणाला, "व्हय व्हय, तू आराम कर. गाव काय मेलंय का?" तोंडाने सगळे हो म्हणाले. पण नऊ वर्षांत घरं वाटली गेली होती, भाऊ वेगळे झाले होते, कुणानंतर कोण हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तरी भादव्यातल्या पुनवेचं उधाण निभलं. पोरं रेडिओ घेऊन बांधावर बसली, पत्ते कुटले, राखण झाली. काळुराम घरात झोपला.

तो बदलत चालला होता. एके सकाळी त्याने चुलीपाशी बसून बायजाला विचारलं, "तुझ्या कपाळावर हा डाग कधीचा?" डाग चार वर्षांचा होता, भाजल्याचा. नवऱ्याने नऊ वर्षांनी आपल्याकडे नीट बघितलं, म्हणून ती दिवसभर गुणगुणत होती.

मग सर्वपित्री अमावास्या आली. वर्षातलं मोठं उधाण ते, आणि शेतात भात पोटरीला आलेला. घरोघर पितरांची पानं, वडे, खीर. गाव दुपारी जेवलं ते तुडुंब. काठीचा माग लावला तर त्या रात्री ती गोविंदाच्या घरी हवी होती. काळुराम साडेआठला झोपला. डॉक्टरांनी सांगितल्यापासूनची ती पस्तिसावी रात्र होती.

साडेदहाच्या सुमारास बायजा लघवीला उठली. दार उघडलं तर चौकटीला काठी टेकलेली.

दिवस मावळताना काठी तिथं नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवेलागणीला तिने स्वतः उंबऱ्यापाशी पणती ठेवली होती. म्हणजे काळुराम झोपल्यावर कुणीतरी येऊन, रीत मोडून, गुपचूप ठेवून गेलं होतं. ठेवणाऱ्याने मनाशी काय म्हटलं असेल तेही तिला ऐकू आल्यासारखं कळलं: तो काय, उठेलच. नेहमी उठतो.

ती तिथं उभी राहिली. आत काळुराम घोरत होता. खाडीकडून भरतीचा आवाज चढत होता. तिलाही पाऊणपट येत होती. नऊ वर्षं शेजारी पडून तिलाही पाठ झाली होती. खाडीत आतवर पाणी भरायला साडेबारा तरी व्हायचे. दोन तास होते. त्याला हलवलं असतं तर तो एका झटक्यात उठला असता, फावडं घेऊन गेला असता. तेवढंच करायचं होतं.

काठी उचलून गोविंदाच्या दारात नेऊन आपटावी, असंही तिच्या मनात आलं. बाईने उचलायची नाही, हे एक. पण खरं सांगायचं तर तिला त्याची पर्वा नव्हती. कुत्री भुंकतील, गोविंदा दारात येऊन बोंब मारील, आळी जागी होईल आणि हा उठेल, ही भीती होती. हा उठला की पुन्हा पहिल्यापासून. आणि आत कुठेतरी, अगदी खाली, रागही होता. नऊ वर्षं आम्ही जागलो. एक रात्र गावाने जागावं. नाही जागलं तर काय होतं? बांध नऊ वर्षं टिकलाय, आजच काय होणार आहे?

तिने दार लोटून घेतलं. नवऱ्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या तोंडावरचे डास पदराने वारत राहिली. बारा वाजले असतील, साडेबारा झाले असतील. तिचा कान खाडीकडे होता, मान उचललेली, अंग ताठ. मग आवाज उतरायला लागला असं तिला वाटलं. तिने देवाचे आभार मानले आणि तिथंच कलंडली.

काळुराम पाचला उठला. आठ तास झोपून उठलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते बायजा विसरली होती. त्याने आळोखेपिळोखे दिले, "भूक लागली गो," म्हणाला, हसला, आणि दार उघडलं. समोर काठी. आणि काठीपलीकडे, जिथं भात असायचा तिथं, पाणी.

खांड उघाडीपासून शंभर पावलांवर पडली होती, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी. जगनचे बैल शेतातल्या मांडवात दाव्याला बांधलेले होते, ते तसेच बुडाले. या वेळी अकरा घरं नव्हती. गावच होतं.

दुपारी मारुतीच्या देवळापुढे गावकी बसली. बायका मागे भिंतीला उभ्या होत्या. गोविंदा पंचाने विचारलं, "काठी कुणाच्या दारात हुती?"

काळुराम म्हणाला, "माझ्या."

"पर ठेवली कुणी?" जगन ओरडला. त्याचे डोळे सुजले होते. "काळुरामनं सांगितलेलं चाळीस रात. कुणाची पाळी हुती काल? बोला की!"

 गोविंदा धोतराचा काठ चाचपत होता. पन्नास पुरुष बसले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाने नऊ वर्षं ती काठी त्याच दारात राहू दिली होती. मग कोण कुणाकडे बोट दाखवणार?

"ठेवली कुणी याला काय मोल नाय," काळुराम शेवटी म्हणाला. "दारात हुती. रात माझी. मी झोपलो."

गावाला हेच हवं होतं. पुन्हा भात पिकेपर्यंत काळुरामच्या घराशी पाणी-विस्तव बंद, असं ठरलं. बायजाच्या ओठांशी शब्द आले होते. मी बघितली. मी उठवलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि ते शब्द गिळले. जन्मात एवढं भ्याड आपण कधी वागलो नाही, हे तिला तेव्हाच कळत होतं.

रात्री तिने सांगितलं. चूल पेटवली नव्हती. तो खांबाला टेकून बसला होता.

"काठी मी बघितली हुती. साडेदहाला."

तो खांब सोडून सरळ बसला. "मग उठवलं का नाय?"

"झोपला हुता तुमी."

याहून दुसरं कारण तिला देता आलं नाही. तो ओरडेल, मारील, अशी तिने तयारी ठेवली होती. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. काळुराम अंधारात बघत म्हणाला, "लय चांगली लागली हुती गो. सपानसुदिक नाय पडलं." मग थोड्या वेळाने, "हे कुणाला सांगू नको. सुशीललाबी नको. मला जागायची सवय हाय. तुला झेपायचं नाय."

सुशील येऊन हातापाया पडला, पुन्हा डॉक्टरांकडे चला म्हणाला. काळुरामने ऐकलं नाही. डॉक्टरांकडे जायचं ते बरं व्हायला, आणि त्याला आता बरं व्हायचंच नव्हतं. गावातली माणसं पोटासाठी वीटभट्ट्यांवर गेली, रेतीच्या होड्यांवर गेली. जगन पनवेलला हमाली करायला लागला.

काठीचं सांगून झाल्यावर त्या रात्री दोघं चटईवर पडली. बायजाने डोळे मिटले आणि श्वास संथ सोडायला लागली, म्हणजे आपल्याला झोप लागली असं त्याला वाटावं आणि त्याचा जीव निवावा. काही वेळाने शेजारून घोरण्याचा आवाज यायला लागला. सत्तावीस वर्षं ती ते घोरणं ऐकत आणि शोधत आली होती. हे खरं नव्हतं. तो तिच्यासाठी घोरत होता. तिने कूस बदलली नाही, तोही थांबला नाही, आणि पुढची चार वर्षं, काळुराम जाईपर्यंत, दर रात्री दोघांनी एकमेकांना असं झोपवलं.